बिनक्लचचा हिवाळा

भांबुर्ड्याचा ओला पाला धुमसायला लागला की माझा डावा पाय शिवशिवतो. हसू नका. आजही संध्याकाळी शेजारच्या वाडीत पोपटी लागली, वास कुंपणावरून सरळ आमच्या ओटीवर आला, आणि खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या डाव्या पायानं क्लच दाबला. खाली क्लच कुठला असणार? फरशी होती. तळव्याला गार लागलं आणि तो हिवाळा आठवला. मी जन्मभर शिकवत आलो ते सगळं एका लहानशा, महागड्या, मुक्या गाडीनं त्या हिवाळ्यात मोडीत काढलं होतं.

आमच्या नागावात थंडी पडली हे स्वेटरवरून कळत नाही, मडक्यांवरून कळतं. वालाच्या शेंगा भरल्या की पोपटीसाठी घराघरातली जुनी मडकी बाहेर निघतात. तळाशी भांबुर्डा या रानझुडपाचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, बटाटे, अंडी, हौस असेल तर कोंबडीचे तुकडे. परत पाला कोंबून तोंड बंद करायचं, मडकं उलटं ठेवायचं आणि वरून पेंढा-झावळ्यांचा जाळ करायचा. आत पाण्याचा थेंब घालायचा नाही. झाकण उघडून बघायची सोयच नाही, म्हणून जाणता माणूस मडक्यावर पाण्याचा हबका मारतो आणि चर्र आवाज कसा येतो त्यावरून सांगतो, झाली की नाही ते. मलाही ते ऐकून सांगता येतं. माझा सगळा धंदाच ऐकण्याचा होता.

मी ड्रायव्हिंग स्कूल चालवायचो. अलिबागहून रेवदंड्याला जाणाऱ्या रस्त्यावर छपरावर पिवळी पाटी लावलेली, सेकंडमध्ये कण्हत जाणारी जी गाडी तुम्हाला आडवी यायची आणि तुम्ही मागून हॉर्न मारून मारून शिव्या घालायचात, ती माझी. या पट्ट्यातल्या दोन पिढ्यांचे डावे पाय मी तयार केले असं म्हटलं तर फुशारकी होईल, पण खोटं होणार नाही. मासळीचे टेम्पो चालवणारे, मिठाचे ट्रक चालवणारे, पर्यटकांना फिरवणारे, सगळे माझ्या हाताखालून गेले. अजून रस्त्यात भेटले की गाडी हळू करून "सर!" म्हणतात.

माझी शिकवण एवढीशी होती. अर्धा क्लच. क्लच हळूहळू सोडत आणायचा. एका जागी गाडीचा आवाज बदलतो, बॉनेट किंचित उचलतं, पायाखाली थरथर येते. तिथं थांबायचं. कार्लेखिंडीच्या चढावर मागं ट्रक उभा असताना ती जागा ज्याला सापडली तो ड्रायव्हर, नाही सापडली तो देवाच्या भरवशावर. "गाडी बोलते, जरा ऐका की हो तिचं!" असं ओरडून ओरडून माझा घसा बसला.

एक बाई तेवढी माझ्याकडे शिकली नाही. ती म्हणजे आमची मंदा, माझी बायको. लग्नानंतर काही वर्षांनी मोठ्या हौसेनं शिकायला बसली. दुसऱ्याच दिवशी नाक्यावर गाडी बंद पाडली आणि मी बोलू नये ते बोललो. तिनं शांतपणे हँडब्रेक ओढला, खाली उतरली, समोरून येणारी रिक्षा थांबवली आणि घरी निघून गेली. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "लोकांच्या बायकांना म्हणता, ताई, घाबरू नका. आणि घरची बाई म्हणजे गाढव व्हय?" 

तर तो हिवाळा. स्कूल मी बंद केलं होतं, पाटी उतरवून माळ्यावर टाकली होती. थंडीच्या तोंडाशी चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एका यंत्रात हनुवटी ठेवायला लावली. ठिपके दिसले की बटण दाबायचं. मी इमानेइतबारे दाबत होतो. ते संपल्यावर डॉक्टर म्हणाले, "काका, डाव्या बाजूला आम्ही पुष्कळ ठिपके दाखवले. तुम्ही बटण दाबलंच नाहीत."

काचबिंदू. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता आणि गावजेवण घातलं असतं. हा तसा नव्हता. थेंब घाला, आहे तेवढं टिकेल, गेलेलं परत यायचं नाही, आणि गाडी आता दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या, असं त्यांनी सांगितलं. मी मान डोलावली आणि स्वतःच गाडी चालवत घरी आलो. मंदाला सांगितलं, डोळे कोरडे पडलेत, थेंब दिलेत.

लपवलं कशाला, असं तुम्ही विचाराल. अहो, "डावी बाजू बघा, डावी बाजू!" म्हणून ज्यानं अख्ख्या तालुक्याला झापलं, त्यालाच डावी बाजू दिसत नाही हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि दुसरं असं, की मला ते पटलंच नव्हतं. जिथलं दिसायचं बंद होतं तिथं काळोख दिसेल, निदान धूसर तरी दिसेल, अशी माझी समजूत होती. तसं काहीच नाही. तिथं रस्ताच दिसतो. मोकळा, स्वच्छ रस्ता. आपलं डोकं आपल्यालाच गंडवतं आणि वर सांगतं, कोणी नाही हो, जा बिनधास्त! मग जे मला दिसत नाही ते खरंच तिथं नाही, की मलाच दिसत नाही, हे ओळखायचं कसं? त्या हिवाळ्यात मी या एका प्रश्नाभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरत होतो, आणि नेमकी तेव्हाच ती गाडी दारात आली.

मीनल, आमची मुलगी, पुण्याला नोकरी करते. कंपनीनं तिला पावसाळ्यापर्यंत परदेशात धाडलं. जाताना ती तिची नवी विजेवरची गाडी आमच्याकडे सोडून गेली. आकारानं एवढीशी. आमच्या आळीत दोन्ही बाजूंच्या दगडी कुंपणांच्या गडग्यांमधून मोठी गाडी आली की आरसे मिटून घ्यावे लागतात. ही आपली सुळकन आत आली. पण आत बसलात की राजवाडा. मऊ कातडी सीट, डोक्यावर काचेचं छत, आणि समोर आमच्या टीव्हीएवढा पडदा. "बाबा, ही नुसती उभी राहिली तर खराब होते. आठवड्यातून दोन-तीनदा तरी फिरवायची," मीनलनं बजावलं. डॉक्टर म्हणाले चालवू नका, पोरगी म्हणते चालवाच. मी अर्थातच पोरीचं ऐकलं.

मग तिनं मला शिकवायला घेतलं. मला! ती डाव्या सीटवर, मास्तरच्या जागेवर, आणि मी उजवीकडे घाम पुसत. किल्ली खिशातच ठेवायची म्हणे. ब्रेकवर पाय ठेवून स्टेअरिंगजवळची दांडी खाली केली की झालं.

"चालू कर की मग," मी म्हणालो.

"चालूच आहे, बाबा."

"आवाज कुठाय?"

"नसतो."

मी कान टवकारून ऐकलं. समुद्राची गाज ऐकू आली, शेजारच्या वाडीतल्या पंपाची धडधड ऐकू आली. गाडी गप्प. उजवा पाय जरासा टेकवला तर ही निघाली की! आणि ती थोडी पुढं सरकली तसा माझा डावा पाय सवयीनं पुढं गेला, रुंद पेडल सापडलं, म्हटलं हा क्लच, आणि सगळ्या जोरानं दाबला. तो ब्रेक होता. मीनलचं डोकं पुढं आदळता आदळता राहिलं, तिच्या मांडीवरची पर्स उडून काचेवर गेली. ओटीवरून बघणारी मंदा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. ज्याचा डावा पाय उभ्या आयुष्यात एकदा चुकला नव्हता, त्याला त्याच्या पोरीनं सांगितलं, "बाबा, डावा पाय मागं घ्या. सीटखाली दुमडून ठेवा. त्याचं इथं काही काम नाही."

नंतर रस्त्यात भेटेल तो विचारायचा, "सर, चालवायला कशी हाय?" कुठल्याही गाडीबद्दल मी तोंड भरून सांगत आलो. हिचं काय सांगू? खरं सांगतो, मलाच कळत नव्हतं. ती चालवायला इतकी सोपी होती की मी ती चालवत होतो की नाही, अशी शंका यायची. पाय टेकवला की गिअर नाही, उसासा नाही, थांबून विचार करणं नाही. पाठ सीटला चिकटते आणि नाका मागं गेलेला असतो. पाय उचलला की ती आपोआप मंदावते, ब्रेक न दाबता पार थांबते. चौलच्या वळणावळणाच्या रस्त्यात, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी आणि मध्ये गाय बसलेली, एका पायानं सगळं होतं. खाली बॅटरीचं वजन आहे म्हणून वळणावर डुलत नाही, रस्त्याला बिलगून जाते. खड्डा मात्र लागतो. रुंद, चपट्या चाकांना आमचे खड्डे मानवत नाहीत.

आणि कार्लेखिंड! पेणहून येताना चढ चढलो तेव्हा पडद्यावरचा बॅटरीचा आकडा भराभर खाली आला, माझा जीवही त्याच्याबरोबर खाली आला. मग अलिबागच्या बाजूला उतार सुरू झाला, मी पाय उचलला, आणि आकडा वर चढायला लागला. मी डोळे चोळले. उतारावर गाडी न्यूट्रल करून तेल वाचवणारे महाभाग मी पुष्कळ बघितले आणि त्यांना यथेच्छ झापलं. पण उतरता उतरता टाकीत तेल वाढतं, हे कुठं ऐकलंय? घरी येऊन मंदाला सांगितलं तर ती म्हणाली, "मग नुसतं उतरतच ऱ्हावा, बिल तरी येणार न्हाय."

वाडीतल्या पंपाचा जाड प्लग काढून तिथं गाडी लावायची. रात्रभर ती तिथं बांधलेल्या म्हशीसारखी उभी. मंदा सकाळी पंप लावायला जायची तेव्हा आधी हिला सोडायची.

मागं घेताना पडद्यावर गाडी वरून दिसायची, घारीला दिसावी तशी. गडगा, आंब्याचं खोड, तुळशीवृंदावन, सगळं सभोवार. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून वर बघितलं होतं. कुठं काही लटकत नव्हतं. माझ्या चारी बाजू मला दाखवणारं काहीतरी मिळालं होतं, आणि त्याचा आनंद मी कुणाला सांगू शकत नव्हतो. आनंद तरी म्हणावा की काय म्हणावं? पडद्यात बघितलं की डावीकडे मांजर असायचं. मान वळवली की मांजर नसायचं. आणखी वळवली की परत असायचं.

मंदाला मात्र त्या गाडीनं एका दिवसात जिंकलं. एकदा तिनं पुढचं झाकण उघडायला लावलं. आत इंजिनाच्या जागी स्वच्छ, रिकामी पेटी. ती रेवदंड्याची, तिचं माहेर बंदराजवळ. बाजाराला आम्ही तिथंच जायचो. दुसऱ्या दिवशी तिनं बोंबील आणि सुका जवळा असा भरगच्च बाजार केला आणि सगळा बॉनेटमध्ये भरला. का, तर वास आत येत न्हाय. ही बातमी व्हिडिओ कॉलवर परदेशात पोचली तेव्हा मीनलचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"आई! एवढ्या महागाच्या गाडीत बोंबील?"

"गाडीत कुठं? पुढं हायत. इंजिन न्हाय ना तिथं, मग काय हवा ठेवायची?"

तो हिवाळा असा हसण्यावारी चालला होता. एक दिवा तेवढा मला छळायचा. दोन्ही आरशांत कोपऱ्याला बारीक नारिंगी दिवा होता. बाजूला कोणी आलं की तो पेटतो. उजवीकडचा शहाणा होता, कोणी आलं की पेटायचा, गेलं की विझायचा. डावीकडचा उगाचच पेटायचा. रस्ता मोकळा, आणि हा आपला लुकलुकतोय. मी वैतागून मीनलला फोन केला, "डावा दिवा बिघडलाय. कंपनीला कळव." ती म्हणाली, नव्या गाडीत असं कसं होईल? म्हटलं, होतं. नव्यातच होतं. जुन्या गाड्या खोटं बोलायच्या नाहीत.

मग नागावच्या पुढं, समुद्राकडे फाटा फुटतो तिथं, तो परत पेटला. मी चिडून मान पार खांद्यापर्यंत वळवली. मोटरसायकलवर एक जोडपं होतं. इतक्या जवळ, की बाईच्या ओढणीवरचे ठिपके दिसले. मी मान सरळ केली. जोडपं नाहीसं झालं, रस्ता मोकळा झाला, दिवा पेटलेलाच राहिला.  तरी घरी येईपर्यंत मी स्वतःला समजावलं, की काच तिरकी असेल. माणूस स्वतःला किती मूर्ख बनवू शकतो, याला काही मोजमाप आहे का?

त्याच आठवड्यात आमच्या वाडीत पोपटी लावली. सूर्य नुकताच बुडाला होता, जाळ चांगला धरला होता. माझा जुना विद्यार्थी दिलीप आला होता. त्याचे आता स्वतःचे ट्रक आहेत. तो गाडीभोवती फिरला, बॉनेट उघडून वास घेत हसला.

"सर, खरं सांगा. हिच्यात अर्धा क्लच न्हाय, तर ड्रायवरचं काम काय उरलं?"

"बघणं," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

"बघायला पण कॅमेरे हायत की तिला."

सगळे हसले, मीही हसलो. पण मला धुरातून उठून जावंसं वाटलं. दिलीपनं दुसऱ्या मडक्यावर पाणी मारलं, कान पुढं केला, म्हणाला, "अजून न्हाय." मंदा माझ्या डाव्या बाजूला बसून पहिल्या मडक्यातल्या सोललेल्या शेंगा माझ्यापुढं धरून होती म्हणे, मला तिनं दंडाला हात लावला तेव्हा कळलं. मी दचकलो.  शेंगा तिनं उजवीकडे येऊन दिल्या.

आणि मग रेवदंडा. बाजार भरात होता, सकाळची उन्हं वर आली होती. मंदा मासळी घ्यायला उतरली होती. मी पुढं जाऊन गाडी वळवून तिला घ्यायला परत येत होतो. सावकाश, अगदी सावकाश, शिकाऊ माणसासारखा. बाहेर या गाडीची बारीक भुणभुण ऐकू येते, पण बाजाराच्या कालव्यात ती कोण ऐकणार? समोर रस्ता रिकामा होता. शपथेवर सांगतो, रिकामा होता. आणि गाडीनं स्वतःच कचकन ब्रेक मारला. पट्टा छातीत रुतला, पडदा लाल झाला, कसलीशी घंटी कोकलायला लागली. माझा पाय ब्रेकवर गेलाच नव्हता.

बॉनेटवर हात आपटला. एक म्हातारी कोळीण, डोक्यावर जवळ्याची पाटी, बंपरपासून वीतभर अंतरावर. डावीकडून आली होती. माझ्या लेखी ती कुठूनच आली नव्हती. नव्हती आणि होती.

"डोळं फुटलं काय रं मेल्या? दिसत न्हाय?"

तोंडात "नाही" आलं होतं. मी हात जोडले. ती पाटी सावरत, माझ्या खानदानाचा उद्धार करत पलीकडे गेली. मंदा कडेला पिशवी घेऊन उभी होती. तिनं बॉनेट उघडायला लावलं, मासे आत ठेवले, आत येऊन बसली, पट्टा लावला. म्हणाली, "ब्रेक चांगला हाय गाडीचा."

मी हो म्हणालो. म्हटलं, सुटलो, तिला वाटलं ब्रेक मीच मारला. आणि त्याच क्षणी मला इतकी लाज वाटली, इतकी भीती वाटली, की चौल येईपर्यंत मी उजवा पाय नीट टेकवलाच नाही. मागचे हॉर्न मारत होते. मारू देत. एखाद्या म्हातारीच्या जिवाची किंमत माझ्या फुशारकीपायी द्यायची का, एवढा साधा सवाल होता. जुनी गाडी असती तर ती बाई आज नसती. 

त्यानंतर मी गाडी काढली नाही. कधी कंबर धरली, कधी पाहुणे येणार होते. पण ही गाडी चुगलखोर! परदेशात बसून मीनलला फोनवर सगळं दिसायचं. "बाबा, गाडी जागची हललीच नाहीये. बरं आहे ना?" मी म्हणालो, बरं आहे, पोपटीचे दिवस आहेत, वेळ होत नाही. मंदा भाकरी थापत ऐकत होती. पीठ झाडत उठली, फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "मी चालवते. मला शिकायची हाय."

मी बघतच राहिलो. "या वयात?"

"क्लच न्हाय ना हिला. तुमच्या क्लचनंच तर माझं घोडं अडलं व्हतं."

पेणला जाऊन कच्चं लायसन काढलं; दिलीपनं नेलं. आणि मग वालाच्या शेंगा वेलावर वाळायला लागल्या त्या दिवसांत, सुपारीच्या वाडीतल्या कच्च्या रस्त्यावर, मी आमच्या मंदाला गाडी शिकवली. खरं म्हणजे शिकवायला काही उरलंच नव्हतं. आवाज ऐका म्हणायला आवाज नाही, पाय सोडा म्हणायला क्लच नाही. डाव्या सीटवर बसून मी आपला मधूनमधून जमीन दाबायचो. तिथं माझ्या जुन्या गाडीत मास्तरचा ब्रेक असायचा. मंदा तिरक्या नजरेनं बघायची आणि म्हणायची, "फरशी फुटंल." ती मात्र शांत होती. आंबोळी उलटावी तशी स्टेअरिंग फिरवायची. अर्ध्या क्लचची ती जागा हुडकण्यात मी लोकांचे महिने घालवले. तिला त्याची गरजच पडली नाही. मला राग आला, कौतुक वाटलं, रिकामं रिकामं वाटलं, आणि यातलं नेमकं कुठलं हे तेव्हाही कळत नव्हतं, आज धूर हुंगतानाही कळत नाही. शनिवार-रविवारी मुंबईकरांच्या कितीतरी मुक्या गाड्या आता आमच्या रस्त्यानं जातात. दिलीपसारखं मीही मनात विचारतो, काय उरलं? उत्तर मिळालं की लिहीन म्हणत होतो, पण तसं काही होईलसं दिसत नाही.

तिला मोठ्या रस्त्यावर पहिल्यांदा नेलं ती सकाळ तेवढी स्वच्छ आठवते. रेवदंड्याला तिच्या माहेरी जायचं होतं. मीनलनं आदल्या दिवशी विचारलं होतं, मी आल्यावर गाडी तुमच्याकडेच ठेवू का, बाबा, तुम्हाला आवडलीय ना? मी म्हणालो होतो, सांगतो. मंदानं केस घट्ट बांधले होते, पदर खोचला होता. आळी संपली, मोठा रस्ता आला. आम्हाला उजवीकडे वळायचं होतं. डावीकडे अलिबागचा रस्ता. तिकडून एसटी येते, डंपर येतात, आणि कोपऱ्यावरच्या गडग्यामुळे ड्रायव्हरला तिकडचं अर्धंच दिसतं. डाव्या सीटवरच्या माणसानं वाकून बघून सांगायचं असतं. सगळ्या विद्यार्थ्यांना मी तसं सांगत आलो.

मंदानं गाडी थांबवली. उजवीकडे बघितलं. मग समोर बघतच मला विचारलं, "डावीकडनं काय येतं का?"

मी बघितलं. रस्ता मोकळा होता. स्वच्छ, सुंदर, मोकळा रस्ता होता. "काही नाही, जा," हे तीन शब्द जिभेवर तयार होते. जन्मभर तेच म्हणत आलो. तिचे हात स्टेअरिंगवर होते, मनगटातल्या हिरव्या बांगड्या दिसत होत्या. 

"मंदे," मी म्हणालो, "मला दिसत नाही गं. डावीकडचं मला काही दिसत नाही. तूच बघ."

तिनं मान वळवली नाही की दचकली नाही. पट्टा सोडवला, पुढं सरकली, माझ्या अंगावरून वाकून नीट बघितलं. एक डंपर धडधडत गेला, तो मला समोर आल्यावर दिसला. तिनं परत बघितलं. मग मागं टेकली, पट्टा लावला, आणि माझा हात एकदा दाबून सोडला.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "त्याच्यासाठीच तर शिकले. तुम्ही कवा सांगताय, तेवढं ऱ्हायलं व्हतं."

आणि तिनं गाडी रस्त्यावर घेतली.